नोएडाचा बंड्या आणि आश्वेची लाट

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. मुलांना सर्फिंग शिकता येईल आणि घरच्या कुत्र्यालाही नेता येईल, असा किनारा कुठे आहे? दिल्लीकडे राहणाऱ्या फौजी माणसाला समुद्राचं काय कळतं, असंही वाटेल कुणाला. पण या जानेवारीत आम्ही दोघं, नात आणि बंड्या नावाचा लॅब्रॅडॉर असे नोएडाहून जाऊन आलो, म्हणून बोलतो.

कॅलिफोर्नियात हंटिंग्टन बीचला कुत्र्यांसाठी किनाऱ्याचा वेगळा पट्टा आहे. पॅसिफिकाला तर कुत्र्यांच्याच सर्फिंगची स्पर्धा भरते. आपल्याकडे असा राखीव पट्टा मी पाहिलेला नाही. त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे गोव्यातला पेडणे तालुका: मोरजी, आश्वे, मांद्रे. उथळ वाळूचा तळ, शिकवणारे प्रशिक्षक, आणि कुत्रा पाहून नाक न मुरडणारे शॅकवाले.

आधी प्रवास. रेल्वेत कुत्रा सोबत बसवायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर हवी. टू एसी, थ्री एसी, स्लीपरमध्ये चालत नाही. लसीकरणाचं कार्ड आणि पशुवैद्याचा दाखला घेऊन पार्सल ऑफिसात त्याचं वेगळं बुकिंग करायचं. निजामुद्दीनहून राजधानीने मडगाव. कोटा आणि वडोदऱ्याला बंड्याला खाली उतरवलं. गाडी सुटायच्या आधी त्याला झाड शोधून देणं हे आमच्या काळच्या कुठल्याही रेकीपेक्षा अवघड काम.

आता समुद्र. शिकणाऱ्यांसाठी ऑक्टोबर ते मे हा काळ बरा, पावसाळ्यात त्या पाण्यात उतरायचं नाही. सकाळी वारा कमी असतो, लाट स्वच्छ येते. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटला की पाणी विस्कटतं. कुत्र्यालाही सकाळच मानवते, कारण अकरानंतर वाळू इतकी तापते की पंजे भाजतात. तळहात वाळूवर ठेवून पाहा. तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही. गोडं पाणी जवळ ठेवा. खारं पाणी प्यायला की उलट्या ठरलेल्या. रापणीच्या जाळ्यातून टाकून दिलेला केंड मासा दिसला तर कुत्र्याला लांब ओढा, तो विषारी असतो.

सर्फिंग चालू असताना कुत्रा पाण्यात नको. नात फळीवरून पडली की बंड्याला वाटे ती बुडतेय, आणि तो वाचवायला धावे. लाटेने ढकललेली फळी कुत्र्याच्या बरगडीवर बसली तर काय होईल, सांगायला नको. शिवाय सर्फरच्या घोट्याला दोरी असते, तीत पाय अडकतात. एकाने किनाऱ्यावर दोरी धरून बसायचं. ते काम माझ्याकडे होतं.

आणि तेच मी एका सकाळी नीट केलं नाही. फोटोसाठी दोरी सोडली. बंड्या थेट वरच्या कोरड्या वाळूकडे गेला आणि उकरायला लागला. वनखात्याचा रखवालदार ओरडतच धावत आला. नशिबाने ते खेकड्याचं बीळ निघालं. पण दहा पावलांवर कुंपणात ऑलिव्ह रिडले कासवाचं घरटं होतं.

मोरजी आणि मांद्रे ही या कासवांची जुनी विणीची ठिकाणं. मादी रात्री येते, फूट-दीड फूट खड्डा करते, शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. वीण साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे नेमका सर्फिंग शिकायचा आणि आपल्या सुट्ट्यांचा काळ. वनखातं सापडलेल्या घरट्यांना कुंपण घालतं. न सापडलेल्यांचं रक्षण वाळूखेरीज कुणी करत नाही, आणि कुत्र्याचं नाक वाळूला दाद देत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात या कासवाला वरच्या दर्जाचं संरक्षण आहे. चाळीस वर्षं शिस्तीवर भाषणं दिलेला माणूस मी, मान खाली घालून उभा राहिलो.

त्यानंतर दोरी सुटली नाही. फिरणं फक्त ओल्या वाळूवर, अंधार पडल्यावर किनारा बंद. बंड्याची मजा काही कमी झाली नाही.

निघताना रखवालदाराने नातीला कुंपणावरची पाटी दाखवली. अंडी घातल्याची तारीख होती, २० जानेवारी. पन्नासेक दिवस धरले तर मार्चचा दुसरा आठवडा. पिल्लं निघताना आपण इथे हवं, असं तिने ठरवून टाकलंय. बंड्याला तेव्हा न्यायचं की नोएडातच ठेवायचं, यावर घरात अजून एकमत नाही.