काळ्या रानातलं सुतारकाम

२०१८च्या दिवाळीनंतर अमरावतीतल्या घराखाली चालणारं माझं सुतारकाम मी चांदूर बाजार तालुक्यातल्या आमच्या वडिलोपार्जित शेतात नेलं. शिरजगाव कसब्याच्या बाजूचं हे शेत. उत्तरेला सातपुडा दिसतो, शेजारी संत्र्याच्या बागा. गेलो होतो मोठ्या जागेसाठी. आज मागे वळून पाहताना वाटतं, जागा मिळालीच, पण हातून होणारं काम बदललं ते तिथल्या मातीनं, हवेनं आणि माणसांनी.

अमरावतीत जागा म्हणजे एक मोटार मावेल एवढी. लांब फळी रंधा मशीनमधून काढायची तर फाटक उघडं ठेवायचं आणि फळीचं टोक रस्त्यावर जाऊ द्यायचं. दुपारी आसपासची म्हातारी माणसं जरा पडलेली असत, फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीची पोरं अभ्यासाला बसलेली. ज्या दिवशी पॉलिश त्या दिवशी करवत बंद, कारण ओल्या पॉलिशवर भुसा बसतो. शेजाऱ्यांनी कधी एका शब्दानं दुखावलं नाही. पण दुसऱ्यांच्या सोसण्यावर आपलं काम किती वर्षं चालवायचं, हा विचार मला स्वस्थ बसू देत नव्हता.

सातबारा घरचा होता म्हणून हे जमलं. विदर्भाला कुळवहिवाटीचा १९५८चा स्वतंत्र कायदा लागू आहे आणि शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेताना तो आड येतो. जमीन नावावर असली तरी तिथं व्यवसायाची शेड उभी करायची म्हटली की अकृषक वापराचा प्रश्न येतोच. निवृत्तीला आलेले ओळखीचे लोक ‘आम्हीही असंच करणार’ म्हणतात, तेव्हा मी त्यांना आधी तलाठ्याकडे जायला सांगतो. मशीनच्या दुकानात नंतर.

कारखाना उचलून रानात नेण्याची आपल्याकडची सर्वांत मोठी गोष्ट लक्ष्मणराव किर्लोस्करांची. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर त्यांनी लोखंडी नांगरांचा कारखाना नेला. निवडुंगानं आणि सापांनी भरलेला माळ, असं त्याचं वर्णन येतं. मला मात्र ती हकीकत वाचताना दर वेळी वाटतं की माळ होता हे एका परीनं बरंच झालं. मुरमाड जमिनीवर यंत्र बसतं आणि बसलेलं राहतं. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचं तसं नाही. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात तिच्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो. कापसाला ही माती मानवते, भिंतीला मानवत नाही. आणि रंधा मशीनचं टेबल जमिनीबरोबर केसभर जरी पिळलं तरी फळी सरळ निघत नाही.

म्हणून शेड कुठं बांधायची हे वाऱ्यानं किंवा उजेडानं ठरलं नाही, मुरमानं ठरलं. पूर्णेच्या काठाकडे काळी माती खोल असते; सातपुड्याच्या पायथ्याकडे यावं तशी ती उथळ होत जाते आणि गोटे, मुरूम वर येतो. आमच्याच शेतात विहिरीच्या अंगाला खोल खणूनही काळीच लागते, उत्तरेच्या बांधाला मात्र मुरूम लवकर लागतो. गावातल्या एका जुन्या गवंड्यानं पहार मारत मारत ही रेघ मला दाखवली. काळी माती काढून टाकली, पाया मुरमापर्यंत नेला, जोत्यात मुरूमच भरून पाणी मारून धुमसानं चोपला आणि मग त्यावर सिमेंटचा कोबा केला. आकसणारी माती भिंतींना भिडू नये म्हणून चहूबाजूंनी मुरमाचा पट्टा ठेवला. पहिला पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा गेला, कोब्याला तडा नाही, हे पाहिल्यावर मी मशीनचे बोल्ट कायमचे आवळले. या पायात पैसा गेला तो छपरापेक्षा जास्त, आणि तो योग्य जागी गेला असं माझं ठाम मत आहे.

सामान हलवायलाही दिवाळीनंतरचाच मुहूर्त. त्याआधी पांदण रस्त्यात ट्रॅक्टर रुततो, आणि त्यानंतर फार थांबलं तर तुरीच्या, कापसाच्या गाड्यांची गर्दी सुरू होते. बिडाच्या टेबलांना ग्रीस फासून पोत्यांत गुंडाळलं आणि सगळं ट्रॉलीनं नेलं.

विजेचं थोडक्यात सांगतो. शेतीच्या लाईनवर तीन फेजची वीज पाळीनं येते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री, आणि पंपाच्या जोडणीवर कारखाना चालवायची मुभाही नाही. मी गावठाणाच्या लाईनवरून वेगळी जोडणी घेतली आणि मोठ्या मोटारींचा नाद सोडला. सिंगल फेजवर चालतील एवढीच मशीन ठेवली. वीज आहे तोवर रंधा मशीन आणि करवत. गेली की पटाशी, हातरंधा, गुण्या. दिवसाचे असे दोन भाग पडले. सालकूस आता मी बहुतेक हातानंच काढतो आणि ती पूर्वीपेक्षा घट्ट बसते. ओंडके चिरायचं काम शेतात आणलंच नाही. आरा गिरणीला वनखात्याचा परवाना लागतो, आणि १९९६ साली गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं दिलेल्या आदेशांपासून या गिरण्यांवरची नजर कडक झाली आहे. ती कडक असावी असंच मला वाटतं. मेळघाट आमच्या डोळ्यांसमोर आहे. परतवाड्याला वनखात्याच्या आगारात लिलाव होतो. तिथं सुटलेलं सागवान परवानाधारक गिरणीत चिरलं जातं आणि पावतीसह आमच्याकडे येतं. साग, मोह, आंबा, तिवस यांसारखी झाडं स्वतःच्या बांधावरची असली तरी तोडायला १९६४च्या कायद्यानं परवानगी लागते.

लाकडाविषयी सर्वांत जास्त शिकलो ते हवेकडून. शहरातल्या बंद खोलीत दमटपणाचा फरक दबलेला असायचा. इथं शेड उघडी. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या घरात, हवा इतकी कोरडी की लाकडात जेमतेम पाच टक्के ओल उरते. श्रावणात तेच लाकूड पंधरा टक्क्यांपर्यंत जातं. सागासारखं शांत लाकूडसुद्धा या फरकानं फूटभर रुंदीत चार-पाच मिलिमीटर हलतं. त्यात आमच्या घरांमधले कूलर. मे महिन्यात बाहेर झळा आणि आत कूलरची ओली हवा, म्हणजे शेडमध्ये कोरडं झालेलं कपाट ज्या खोलीत जाणार, तिथं जणू आषाढच चालू असतो. उन्हाळ्यात केलेल्या कपाटाचे ड्रॉवर मी आता मुद्दाम सैल ठेवतो, टेबलाची वरची फळी खिळ्यांनी जखडत नाही, तिला सरकायला लांबट भोकं देतो. गिऱ्हाईक विचारतं, हे हलतं कसं काय? त्याला सांगावं लागतं की ते हललं तरच टिकेल.

आता संत्र्याविषयी. आम्ही आलो त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात, २०१९ साली, पाणी खोल गेलं आणि वरुड-मोर्शीकडच्या कितीतरी बागा उभ्या वाळल्या. आमच्या आसपासही झाडं गेली. वर्षानुवर्षं पोरासारखी वाढवलेली बाग मालक स्वतः कापत होता आणि फांद्या-बुंधे चुलीसाठी रचत होता. तो ढीग पाहून माझ्या पोटात कालवायचं. संत्र्याचं लाकूड फिकट पिवळं, घट्ट, बारीक रेषांचं. फळ्या निघत नाहीत, बुंधाच लहान; पण खराद्यावर ते फार सुरेख उतरतं आणि पटाशीच्या, खुरप्याच्या मुठीला उत्तम. मी बुंधे विकत मागितले तेव्हा लोकांना नवल वाटलं. सरपणाच्या भावापेक्षा जास्त भाव दिला, तोही आग्रहानं, कारण ते लाकूड सरपण नव्हतं. ते टोकांकडून फार फाटतं, म्हणून कापल्या दिवशीच टोकांना मेण फासावं लागतं आणि सावलीत निदान दोन पावसाळे ठेवावं लागतं. आमच्याकडे संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरतात. त्या कलमाच्या सांध्याचा तुकडा खराद्यावर लावला की खालची रेषा एक आणि वरची वेगळी दिसते. अशा तुकड्याची मूठ मी विकायला ठेवत नाही. ज्याची बाग होती त्याला देतो.

बागा वाळण्याचं दुःख या मुठींनी कमी होत नाही. विंधन विहिरी किती खोल न्यायच्या याचा विचार तालुक्यानं करायला हवा, आणि तो सुताराच्या हातातला नाही.

गावाला माझ्या टेबल-खुर्च्यांचं फारसं कौतुक नव्हतं. पहिले जे कोणी शेडमध्ये आले ते दुरुस्ती घेऊन. तुटलेलं जू, डवऱ्याचा दांडा, खिळखिळी तिफण. ट्रॅक्टर घरोघर झाले असले तरी कपाशीच्या ओळींत डवरणी अजून बैलांवरच होते, आणि ओल्या रानात, बागेच्या ओळींमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात बैलांची तिफणच चालते. ही कामं करणारं गावातलं वाढयाचं, म्हणजे सुताराचं, घर होतं. मुलं पुण्याला गेली, बलुतं तर कधीच बंद झालेलं. घरातले काकाजी तेवढे उरले होते. ते येऊन बसायला लागले, मग सांगायला लागले.

तिफणीचं चाडं कसं करायचं हे त्यांनी मला शिकवलं. वाटीसारखं लाकडी चाडं, त्याला तीन भोकं, त्यांतून नळ्यांत आणि नळ्यांतून फणांच्या मागे बी पडतं. मला वाटत होतं भोकं अचूक मोजून पाडली की झालं. काकाजींनी चाडं हातात धरलं, त्यात मूठभर ज्वारी सोडली आणि खाली फडकं अंथरलं. “भाऊ, भोक कुठं हाये थे नोको पाहू, बी कुठं पडते थे पाय.” एका भोकाकडे दाणे जास्त जात होते. त्यांनी पटाशी घेऊन वाटीच्या आतल्या उतारावरून दोनदा-तीनदा हलकेच फिरवली, पुन्हा ज्वारी सोडली, आणि फडक्यावर तीन सारख्या राशी पडल्या. बी हातानं सोडणारी बाई कुठल्या लयीत मूठ उघडते, हेसुद्धा त्या उतारात धरलेलं असतं, असं ते म्हणाले. मी इतकी वर्षं मिलिमीटरमध्ये काम करत होतो. वस्तू काय करते हे पाहून ती घडवणं म्हणजे काय, ते त्या दुपारी मला कळलं.

त्यानंतर शेडमधल्या कामाची जात बदलली. शहरातून येणारी मागणी मी घेतो, त्यावरच घर चालतं. पण पावसाळ्याच्या तोंडावर अवजारं, आणि पोळ्याच्या आधी तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल. हे बैल मी सागाच्या उरलेल्या तुकड्यांचे करतो आणि पोरांना शेडमध्ये बसवून त्यांच्याकडूनच घासून घेतो. शिंगाला पॉलिशपेपर मारणारं पोरगं लाकडाची रेषा कुठल्या दिशेनं आहे ते आपोआप ओळखायला लागतं. २० डिसेंबरला बहिरमची यात्रा सुरू होते. हंडी आणि रोडग्यांसाठी लोक लांबून येतात. त्या दिवसांत म्हाताऱ्या बाया काठवटीची चौकशी करत शेडपर्यंत येतात. स्टीलच्या परातीत ज्वारीचं पीठ मळताना हात सटकतो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे.

सध्या काकाजींची मापं प्लायवूडच्या फर्म्यांवर उतरवण्याचं काम चाललं आहे. दिंड, फण, जू, शिवळा, प्रत्येकाचा फर्मा, त्यावर कुठल्या पिकाला आणि कुठल्या मातीला हे लिहिलेलं. गावातली दोन मुलं कॉलेज सुटल्यावर येतात, त्यांच्याकडूनच रेखाटून घेतो. तिफण आणि डवरा झाला. बंडीचं चाक राहिलं आहे. तुंब्यासाठी जुन्या बाभळीचा ओंडका सावलीत ठेवला आहे, आऱ्यांचं लाकूड सुकलं आहे, पुठ्ठे कापायला घेतले आहेत. लोखंडी धाव तापवून चढवणारा लोहार मात्र जवळपास उरलेला नाही. ब्राह्मणवाडा थडीकडे एक जण अजून ते करतो असं काकाजी म्हणतात. कापूस घरात आला की त्यांना घेऊन तिकडे जायचं ठरलं आहे.