फळीवरची लेखिका

ग्रंथविक्रेत्याच्या दुकानात लेखकांच्या मानाने लेखिका किती, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ हिशेबाचा वाटतो. फळ्यांपुढे उभे राहावे, पुस्तकांच्या पाठीवरील नावे मोजावीत, आणि उत्तर सांगावे. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरी ‘लोगनबेरी बुक्स’ या दुकानाच्या मालकीणबाईंनी २०१७ च्या मार्चमध्ये ही मोजणी डोळ्यांना दिसेल अशी करून दाखविली. ललित साहित्याच्या फळ्यांवरील पुरुषांची सर्व पुस्तके त्यांनी उलटी फिरविली; पाठी भिंतीकडे गेल्या, पानांच्या पांढऱ्या कडा बाहेर आल्या, आणि त्या पांढरेपणात जी थोडी रंगीत नावे उरली ती स्त्रियांची होती. युक्ती नाटकी खरी, पण परिणामकारक. तरीही तिने दिसते ती आजची फळी. अमुक पुस्तक त्या फळीवर कसे चढले आणि तमुक तेथून केव्हा व कोणाच्या हातून उतरले, हे तिच्यावरून कळत नाही. वास्तविक विचार करण्याजोगा भाग तोच आहे.

जबलपूरसारख्या शहरातून या प्रश्नाकडे पाहण्यात एक सोय आहे. येथे हिंदीचे दुकान आहे आणि मराठीचे कपाट आहे. एका वाङ्मयाची बाजारपेठ आणि दुसऱ्याचे दूरस्थ वाचक येथे शेजारी नांदतात. दोहोंतील लेखिकांचे भवितव्य ताडून पाहता येते.

हिंदीपासून आरंभ करू. जबलपूरला लेखिका ही काही अपूर्वाईची गोष्ट नव्हे. सुभद्राकुमारी चौहान (१९०४–१९४८) यांचे प्रौढ आयुष्य याच शहरात गेले. ‘मुकुल’ हा त्यांचा काव्यसंग्रह १९३० चा, ‘बिखरे मोती’ हा कथासंग्रह १९३२ चा; दोहोंस हिंदी साहित्य संमेलनाचे सेकसरिया पारितोषिक लाभले. निधनानंतर दोन वर्षांच्या आतच, १९४९ मध्ये, नगरपालिकेच्या आवारात त्यांचा पुतळा उभा राहिला आणि त्याचे अनावरण महादेवी वर्मा यांनी केले. एका लेखिकेच्या पुतळ्याचे दुसऱ्या थोर लेखिकेच्या हस्ते अनावरण व्हावे, असा योग आपल्याकडे फारसा येत नाही. तेव्हा नाव टिकले नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. परंतु नाव टिकणे आणि पुस्तके टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झाशीच्या राणीवरील त्यांची कविता पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्यांच्या जिभेवर बसली, आणि त्या एका कवितेने बाकीच्या सुभद्राकुमारी झाकून टाकल्या. घरातील स्त्रीची कोंडी, संशय, अवहेलना यांविषयी ज्या लेखिकेने कथांमागून कथा लिहिल्या, ती सामान्य वाचकाच्या लेखी एका वीरगीताची कवयित्री राहिली. पाठ्यपुस्तक हा आपल्या देशातील सर्वांत मोठा ग्रंथविक्रेता आहे. तो जे निवडतो तेच दुकानात मागितले जाते, आणि मागितले जाते तेच दुकानदार मागवितो.

याच शहरातील हरिशंकर परसाई (१९२४–१९९५) यांची तुलना येथे उद्बोधक ठरेल. परसाईंच्या गुणवत्तेविषयी वाद नाही. पण त्यांच्या हयातीतच, १९८५ मध्ये, राजकमल प्रकाशनाने त्यांची रचनावली सहा खंडांत काढली. समग्र वाङ्मय प्रसिद्ध झाले की लेखकाचे कोणतेही पुस्तक पूर्णपणे हरवत नाही. सुटी पुस्तके त्यातून पुनःपुन्हा निघतात, प्रबंध लिहिले जातात, प्रबंधांसाठी प्रती लागतात. सुभद्राकुमारींच्या कथांच्या वाट्याला असा आधार वेळेवर आला नाही. त्यांना हात दिला तो कायद्याने. मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. त्यांचा तो २००८ च्या अखेरीस संपला, आणि कोणाही प्रकाशकास त्यांचे लेखन छापण्याची मोकळीक झाली. स्वस्त आवृत्त्या निघू लागल्या. त्यांत शुद्धाशुद्धतेची काळजी सारखी नाही. पण पुस्तक हाती येते, हेही थोडे नव्हे.

आता मराठीचे कपाट. १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला तेव्हापासून जबलपूर व नागपूर एका राज्यकारभारात होते. नोकरी, वकिली, रेल्वे यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे नर्मदेकाठी आली आणि आपली शाळा व आपले वाचन बरोबर घेऊन आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, महाकोशल मध्य प्रदेशात राहिला. राजकीय नकाशावरची ही रेघ ग्रंथव्यवहारावरही उमटली. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, अनुदानाची व्यवस्था बसली. सीमेपलीकडील मराठी ग्रंथालय त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. वर्गणी, देणग्या, कोणी नागपूर-पुण्याहून येताना आणलेली पुस्तके, यांवर त्याने दिवस काढले.

बृहन्महाराष्ट्रातील अशा कोणत्याही जुन्या मराठी ग्रंथालयाचे कादंबऱ्यांचे कपाट उघडून पाहावे. तेथे योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, कुमुदिनी रांगणेकर, सुमती क्षेत्रमाडे यांची पुस्तके हाताळून मऊ झालेली, पुन्हा पुन्हा बांधलेली आढळतात. एकट्या योगिनी जोगळेकरांची पुस्तके शंभराहून अधिक आहेत. दुकानाच्या फळीवर लेखिका थोड्या, ग्रंथालयाच्या कपाटात पुष्कळ. हा विरोध कोठून येतो? दुकानदार पुस्तक मागवितो ते विकत घेणाऱ्याकडे पाहून, आणि घरातील पैशाचा विनियोग दीर्घकाळ पुरुषाच्या हाती होता. ग्रंथालयाची वर्गणीही बहुधा त्यानेच भरली, पण पुस्तक बदलून आणण्याचे आणि कोणते आणावे हे सांगण्याचे काम घरातील स्त्रीकडे आले. दुपारच्या मोकळ्या तासाची मालकी तिची होती. ग्रंथपालास तिची आवड विचारात घ्यावी लागे, कारण ती आठवड्यातून दोनदा समोर उभी राही. तात्पर्य, दुकानाची फळी खरेदीची आणि ग्रंथालयाची फळी वाचनाची साक्ष देते.

समीक्षेने या दुसऱ्या साक्षीची दखल घेतली नाही. या कादंबऱ्यांना ‘बायकी’ म्हणून बाजूस सारणे सोपे होते. त्यांतील पुष्कळ लेखन ठोकळेबाज आहे हे मान्यच केले पाहिजे. परंतु तितक्याच ठोकळेबाज ऐतिहासिक कादंबऱ्या वाङ्मयेतिहासात निदान नामनिर्देशास पात्र ठरतात. ज्यांनी दोन पिढ्यांच्या स्त्रियांना वाचनाची सवय लावली त्या लेखिकांचा हिशेब वाङ्मयाच्या नव्हे तरी अभिरुचीच्या इतिहासात मांडायला हवा होता.

मोजणीतही खाचखळगे आहेत. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली ह. वि. मोटे यांनी प्रसिद्ध केले तेव्हा विभावरी शिरूरकर कोण याचा शोध करण्यात महाराष्ट्र गुंतला. मालतीबाई बेडेकरांना दुसऱ्या नावाचा पडदा घ्यावा लागला, पण तो स्त्रीच्याच नावाचा घेतला. उलट आरती प्रभु हे नाव पाहून जो परभाषिक गणक लेखिकांच्या खात्यात एक मांडील, त्याच्या यादीत चिं. त्र्यं. खानोलकर शिरतील. याहून मोठी चूक अनुवादाच्या बाबतीत होते. भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठी वाचकाने ज्या भाषेत वाचल्या ती उमा कुलकर्णींची. ‘वंशवृक्ष’च्या अनुवादासाठी त्यांना साहित्य अकादेमीचा पुरस्कारही मिळाला. फळीवर मात्र ते पुस्तक लेखकाच्या नावे, म्हणजे पुरुषाच्या नावे मोजले जाते. आजच्या मराठी दुकानात अनुवादित पुस्तकांनी व्यापलेली जागा पाहिली, तर हा प्रश्न किरकोळ वाटणार नाही.

आणि सन्मानांचे काय? साहित्य अकादेमीचे पुरस्कार १९५५ पासून सुरू झाले. मराठीत पहिली लेखिका १९६८ साली आली: ‘युगान्त’कार इरावती कर्वे. नंतर दुर्गा भागवत (१९७१), गोदावरी परुळेकर (१९७२), इंदिरा संत (१९८४), विजया राजाध्यक्ष (१९९३), आशा बगे (२००६) आणि अनुराधा पाटील (२०१९). २०२४ पर्यंत इतकेच. ज्ञानपीठाचा मान चार मराठी साहित्यिकांना मिळाला, त्यांत स्त्री एकही नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची २०२५ पर्यंत अठ्ठ्याण्णव अधिवेशने झाली; अध्यक्षपदी स्त्रिया सहा. त्यांपैकी दोन निवडी आजच्या मध्य प्रदेशातील अधिवेशनांच्या आहेत: १९६१ साली ग्वाल्हेर येथे कुसुमावती देशपांडे, २००१ साली इंदूर येथे विजया राजाध्यक्ष. या योगायोगावर सिद्धान्त उभारू नये. पण १८७८ पासून चालत आलेल्या परंपरेला पहिली अध्यक्षा मिळण्यास त्र्याऐंशी वर्षे लागली आणि ती महाराष्ट्राबाहेर मिळाली, एवढी नोंद करण्यास हरकत नाही. पुरस्काराचा फळीशी संबंध थेट असतो. गीतांजली श्री यांची ‘रेत समाधि’ २०१८ साली निघाली. हिंदी प्रदेशातील दुकानांच्या दर्शनी भागात ती आली २०२२ मध्ये, आंतरराष्ट्रीय बुकर मिळाल्यावर. कादंबरी तीच होती.

वाचनाच्या सवयी अलीकडे ज्या रीतीने बदलल्या त्यांनी हा सारा हिशेब पुन्हा विस्कटला आहे. खासगी वाचनालये एकामागून एक मिटली. ‘स्त्री’ मासिक, जे किर्लोस्करांनी १९३० साली सुरू केले आणि ज्यात बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ ग्रंथरूपाआधी १९८२ मध्ये क्रमशः आले, त्यासारखे लेखिकेला वाचकापर्यंत नेणारे वाहन आज तितके बलवान नाही. उलट, जबलपूरच्या वाचकाला आता दुकानाची वाट पाहावी लागत नाही. बुकगंगेसारख्या ठिकाणी मागणी नोंदविली की पुस्तक टपालाने घरी येते. २०१७ साली ‘स्टोरीटेल’ मराठीत आल्यापासून स्वयंपाक करता करता कादंबरी ऐकणारा वर्गही निर्माण झाला. कमावती स्त्री स्वतः ग्राहक झाली. हा लाभ मोठा आहे. परंतु संगणकावरील दुकानाला फळी नसते. तेथे नाव टाइप करावे लागते, आणि जे नाव पाठ्यपुस्तकाने, समीक्षेने वा पुरस्काराने वाचकाच्या कानी घातले नाही ते तो टाइप कसे करणार? जुन्या दुकानात शेजारचे पुस्तक सहज हाती लागे. येथे इतरांनी पूर्वी जे घेतले तेच पुढे केले जाते. शिवाय जे छापलेलेच नाही ते कोणत्याही यंत्राने मिळत नाही. आणि ग्रंथालये मिटताना त्या मऊ झालेल्या कादंबऱ्यांची शेवटची प्रत रद्दीत जाते.

म्हणून लेखिकांच्या संख्येचा प्रश्न माझ्या मते प्रथम दुसऱ्या आवृत्तीचा प्रश्न आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ साली छापला गेला आणि जवळजवळ शतकभर वाचकांच्या दृष्टीआड राहिला. स. गं. मालशे यांनी तो १९७५ साली पुन्हा प्रसिद्ध केला. त्यानंतर तो अभ्यासक्रमांत शिरला, इंग्रजीत गेला, आणि आज त्यावाचून स्त्रीविचाराची चर्चाच होत नाही. एका संपादकाच्या श्रमाने हे घडले. उलट लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ला १९३४ ते १९३६ मधील प्रथम प्रकाशनानंतर आवृत्त्यांची वाण पडली नाही, आणि म्हणून तिच्या शोधाची वेळही कधी आली नाही.

सुभद्राकुमारींच्या वर्षीच, १९०४ मध्ये, अमरावतीस जन्मलेल्या कुसुमावती देशपांडे ग्वाल्हेरच्या अध्यक्षपदानंतर त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात निवर्तल्या. ‘मराठी कादंबरी’चे दोन भाग समीक्षकांना ठाऊक आहेत, ‘दीपकळी’, ‘दीपदान’, ‘मोळी’ या संग्रहांतील कथा मराठीच्या किती विद्यार्थ्यांनी वाचल्या असतील? त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकांवरील स्वामित्वहक्क ३१ डिसेंबर २०२१ रोजी संपला आहे. संपादनासाठी आता कोणाची अनुमती मागावी लागत नाही. पहिल्या आवृत्त्यांच्या प्रती विदर्भातील आणि विदर्भाबाहेरील जुन्या कपाटांतून अजून मिळू शकतात, पण त्या कपाटांच्या किल्ल्या ज्यांच्याकडे आहेत ती माणसे आता वृद्ध झाली आहेत.