डुक्कर खात नाही, तरी डुकराचे जंत?


“आपण डुकराला शिवतसुद्धा नाही, मग त्याचे जंत आपल्याला कुठून होणार?” असे आपली वडीलधारी मंडळी म्हणतात. ते निम्मे खरे आहे. उरलेले निम्मे मुलांनाही समजेल असे आम्ही आज सांगतो.

न्यूयॉर्कच्या ऑर्थोडॉक्स ज्यू समाजातल्या चार जणांना वारंवार फिट येऊ लागल्या. चौघे एकमेकांचे नात्यातले नव्हते. त्यांच्या मेंदूत डुकरातल्या पट्टकृमीच्या, म्हणजे टेपवर्मच्या, गाठी निघाल्या. डुक्कर तर कोणीच खात नव्हते! ही हकिकत १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आली.

हे कोडे सोडवायचे तर या जंताची तीन रूपे पाहू. पहिले रूप अंडे. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. डुकराने ते गिळले की आतून अळी निघते, आतडे भेदून रक्तात शिरते आणि मांसात जाऊन पाण्याने भरलेली छोटी गाठ होऊन बसते. हे दुसरे रूप. तसले अर्धेकच्चे मांस माणसाने खाल्ले, की गाठीतले डोके आतड्याला चिकटते आणि काही मीटर लांब पट्टी वाढते. हे तिसरे रूप, आणि ते फक्त माणसाच्याच आतड्यात वाढते. त्याची अंडी शौचावाटे बाहेर पडतात.

आता ही अंडी हाताला लागून माणसाच्याच पोटात गेली तर? तर डुकरात होते तेच आपल्यात होते. अळी रक्तातून मेंदूत गेली की तिथेही गाठ होते. म्हणजे या गाठीला मांस लागतच नाही, न धुतलेला हात पुरतो! म्हणूनच भारतात शाकाहारी माणसांनाही हा आजार होतो.

न्यूयॉर्कमध्ये अंडी बहुधा लॅटिन अमेरिकेतून नुकत्याच आलेल्या घरकामगारांकडून आली, असे संशोधकांना वाटले. त्यांना नावे ठेवू नयेत. पोटात पट्टकृमी असला तरी पुष्कळदा काहीच जाणवत नाही. शिवाय आपणही परदेशातून आलेलीच माणसे ना!

पाव तोडण्याआधी हातावर पाणी घ्यायची आपली रीत आहेच. पण शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबण हवाच. मुलांनो, नखेसुद्धा! कच्च्या भाज्या नीट धुवा. आणि कोणाला फिट आलीच, तर आपण भारतात राहिलो आहोत हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. औषधे आहेत, मात्र ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची.