५० तासिकांपैकी फक्त ५

५० तासिकांपैकी ५ आणि १०० गुणांपैकी २५. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांमुळे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी पर्यावरणाचा सक्तीचा अभ्यासक्रम आखला, त्यात क्षेत्रकार्याला मिळालेला हा वाटा. ८ घटकांच्या त्या मूळ आराखड्यात पर्यावरणाच्या इतिहासाला स्वतंत्र घटकच नव्हता. तो इतिहास शिकवायला आपल्या गावाचं पाणी पुरतं. पुण्याचे आकडे पाहा.

१७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधला. केवळ उताराच्या बळावर ते पाणी बंदिस्त नळातून पेठांतल्या हौदांपर्यंत पोचलं. १८७९ मध्ये खडकवासल्याचं धरण झालं आणि कालव्यातून शेतीलाही पाणी मिळू लागलं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं. नदीकाठचं पुणं वाहून गेलं.

आज खडकवासला १.९७, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२ आणि टेमघर ३.७१ अशी चार धरणांची मिळून क्षमता २९.१५ टीएमसी आहे.

आता वर्गात करण्याजोगं गणित. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. शहराचा करारातला कोटा वर्षाला ११.५ टीएमसी होता, म्हणजे रोज सुमारे ८९ कोटी लिटर. २०११ च्या जनगणनेतल्या ३१.२४ लाख लोकांत तो वाटला तर माणशी २८५ लिटर येतात. महानगरांसाठीचं राष्ट्रीय प्रमाण १५० लिटरचं आहे. मग शहराच्या कडेच्या वस्त्यांना टँकर का लागतो? खडकवासल्याच्या कालव्यावरच्या दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्याला उन्हाळी आवर्तनाची वाट का पाहावी लागते? पाणी किती आहे हे भागाकार सांगतो; ते कुणाकडे वळलं, कधी वळलं आणि कुणी वळवलं, हे इतिहासच सांगतो.

साधनं महाग नाहीत. १८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर, दर दहा वर्षांची जनगणना, पाटबंधारे खात्याचे धरणसाठ्याचे आकडे आणि जुन्या विहिरी पाहिलेली माणसं एवढ्यावर काम सुरू होतं. लातूर, सोलापूर, नागपूर, कुठल्याही गावी हे जमेल.

प्राध्यापकांना आणि अभ्यास मंडळांना कळकळीची विनंती: क्षेत्रकार्याला निम्म्या तासिका द्या, आणि पहिली भेट आपल्याच गावाच्या पाण्याला द्या.