स्तनांतील गांठ आणि जनुकांचें नियमन

नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गास गोंदियाचा रस्ता जेथें मिळतो, तें कोहमारा हें गांव धानाच्या मुलखांत आहे. तलावाचें पाणी एकच. परंतु कोणत्या बांधीचें तोंड केव्हां उघडावयाचें आणि केव्हां बुजवावयाचें यावर तेथील पीक ठरतें. शरीरांतील जनुकांचा व्यवहारहि पुष्कळसा असाच असतो. स्तनांतील पेशी आणि यकृतांतील पेशी यांजपाशीं जनुकांचा सांठा एकच. तथापि एकींत जीं जनुकें चालू, तींच दुसरींत बंद. या उघडझांपीस जनुकांचें नियमन म्हणतात.

पेशींची वाढ आवरणारीं जनुकें बंद पडलीं आणि वाढविणारीं उघडींच राहिलीं, म्हणजे गांठ वाढूं लागते. कधीं जनुक स्वतः धड असतें. त्यावर रासायनिक मोहोर बसल्यामुळें मात्र तें मुकें होतें. ब्राका-वन हें रक्षक जनुक कांहीं गांठींत असें मुकें झालेलें सांपडतें.

इस्ट्रोजेन हा स्त्रीच्या शरीरांतील अंतःस्राव पेशींतील एका प्रथिनास चिकटतो. या प्रथिनास ग्राहक म्हणतात. तें जनुकांच्या तंतूवर जाऊन बसतें आणि वाढीचीं जनुकें जागीं होतात. ज्या गांठींत हा ग्राहक असतो तिच्यावर टॅमॉक्सिफेनची गोळी चालते, कारण ती इस्ट्रोजेनची जागाच अडविते. हर-टू या जनुकाच्या प्रती वाढलेली गांठ फार जोमानें वाढते. ट्रास्टुझुमॅब हें औषध 1998 सालीं अमेरिकेंत मान्य होईपर्यंत अशा रुग्णांचें भवितव्य बिकट समजत. इस्ट्रोजेनचा ग्राहक, प्रोजेस्टेरॉनचा ग्राहक आणि हर-टू या तिन्ही खुणा नसलेली गांठ हट्टी खरी, आणि भारतीय स्त्रियांत ती पाश्चात्त्य देशांपेक्षां अधिक प्रमाणांत आढळते.

गांठ केवढी, एवढेंच विचारून घरचीं माणसें पुष्कळदां थांबतात. वस्तुतः अहवालांतील या तीन ओळींवर औषध ठरतें. काढलेला तुकडा तासाभराच्या आंत फॉर्मॅलिनमध्यें न पडला, तर या खुणा पुसट होऊन चुकीचा निर्णय होऊं शकतो. कोहमाऱ्यासारख्या गांवाहून तपासणीसाठीं तुकडा नागपुरास जावयाचा असेल, तर ही दक्षता प्रवासापूर्वींच घेतली गेली पाहिजे.

मुंबईस या विषयाचा अभ्यास जुना आहे. डॉ. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखालीं पुण्याच्या कमल रणदिवे यांनीं उंदरांतील स्तनकर्करोगाचा अभ्यास केला होता. पुढें परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयांत डॉ. राजेंद्र बडवे व त्यांचे सहकारी यांनीं 1000 स्त्रियांवर केलेला प्रयोग 2011 सालीं प्रसिद्ध झाला. निम्म्या स्त्रियांस शस्त्रक्रियेपूर्वीं 5 ते 14 दिवस प्रोजेस्टेरॉनची एकच टोचणी दिली होती. सर्वांचा एकत्र विचार करतां निश्चित फरक दिसला नाहीं. मात्र ज्यांच्या कांखेंतील ग्रंथींत रोग पोंचला होता, त्यांच्यांत 5 वर्षांनीं टोचणी घेतलेल्या शंभरांपैकीं सुमारें 76 हयात होत्या, न घेतलेल्या सुमारें 67. एका गटापुरता निघालेला हा निष्कर्ष जपूनच स्वीकारावयाचा. परंतु त्याचें कारण शोधणें अगत्याचें होतें. नवी मुंबईंत खारघर येथील संशोधकांनीं प्रयोगशाळेंतील पेशींवर तें शोधलें. प्रोजेस्टेरॉनमुळें एसजीके-वन हें जनुक जागें होतें आणि पेशींची पसरण्याची धांव मंदावते, असें त्यांस आढळलें. नवल हें कीं, ज्या पेशींत प्रोजेस्टेरॉनचा ग्राहक मुळींच नव्हता, त्यांच्यांतहि तें घडलें.