डांबर आणि काळी माती : डॉक्टरच्या वाहनाची निवड

बिदर शहर जांभ्याच्या पठारावर वसलेले आहे. तेथे मुसळधार पाऊस झाला तरी पाणी लवकर झिरपते आणि वाहन अडत नाही. पठार उतरून मांजरेच्या खोऱ्यात, भालकी-औरादच्या दिशेने निघाले की माती काळी होते. कलबुर्गी जिल्ह्यात आळंद, अफझलपूर, जेवर्गी करीत भीमेच्या काठापर्यंत हीच काळी पसरली आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी ही जमीन पावसाळ्यात फुगते, कारण तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीचे खनिज आपल्या थरांमध्ये पाणी ओढून घेते. शेतकऱ्याला ही माती ज्वारी आणि तूर देते. रुग्णाच्या दाराशी निघालेल्या डॉक्टरला मात्र ती वाटेतच चाकाला लेपून उभे करते.

या भागात तीस वर्षे व्यवसाय करीत असताना नवीन सहकाऱ्यांकडून एक प्रश्न मी वारंवार ऐकला आहे : "डॉक्टरसाहेब, रोज डांबरावर चालेल आणि पावसाळ्यात वस्तीवरही जाईल, अशी गाडी कोणती घ्यावी?" प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली, २००८ पासून कर्नाटकात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली, तरीही हा प्रश्न शिल्लक आहे. डांबर गावाच्या वेशीपर्यंत आले. शेतातील वस्त्या आणि काही तांडे मात्र अजून गाडीवाटेवरच आहेत. डांबर संपते तेथे रुग्णवाहिका थांबते आणि पुढच्या दोन किलोमीटरांत प्रसूतीचा किंवा सर्पदंशाचा रुग्ण वाट पाहत असतो.

हाच प्रश्न कॅनडात बर्फाने विचारला होता. क्यूबेक प्रांतातील व्हॅलकोर्ट गावच्या जोसेफ-आर्मां बाँबार्डिये या यंत्रज्ञाचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात पोटाच्या विकाराने दगावला. रस्ते बर्फाखाली गाडले गेल्याने त्याला रुग्णालयात नेता आले नव्हते. बाँबार्डियेचे बर्फावरील वाहनाचे प्रयोग त्याआधीपासून चालू होते. १९३७ साली त्याने रबरी पट्ट्यावर धावणारे सात जणांचे वाहन बाजारात आणले आणि ग्रामीण डॉक्टर त्याच्या पहिल्या ग्राहकांत होते. १९५९ साली त्याच्याच कारखान्यातून 'स्की-डू' ही एका-दोघांची हलकी बर्फगाडी, म्हणजे स्नोमोबाइल, बाहेर पडली.

बर्फगाडी निवडताना तेथील लोकांपुढेही दोन वाटा असतात : दाबून सपाट केलेला मार्ग आणि कंबरभर भुसभुशीत बर्फ. सपाट मार्गासाठी पट्टा साधारण १२९ ते १३७ इंच लांब आणि त्यावरील दाते सुमारे एक-सव्वा इंच उंच असतात. पुढच्या दोन पट्ट्या एकमेकींपासून दूर, म्हणजे वळणावर गाडी स्थिर राहते. खोल बर्फासाठी पट्टा १५४ इंचांपासून पुढे आणि दाते अडीच-तीन इंचांचे. त्यामुळे भार पसरतो आणि गाडी रुतत नाही. मात्र लांब पट्ट्याची गाडी सपाट मार्गावर वळायला जड जाते. दोन्हीकडे चालणारी गाडी मधल्या मापाची असते आणि दोन्ही ठिकाणी थोडे थोडे गमावते. जाणकार प्रथम विचारतात ते एवढेच : तुमचा अधिक वेळ कोठे जातो आणि अडकल्यास गाडी एकट्याने उचलता येईल काय?

हे दोन प्रश्न आपल्याकडेही तंतोतंत लागू पडतात, उत्तरे मात्र थोडी बदलतात. बर्फावर भार पसरवावा लागतो. पहिल्या पावसानंतर काळ्या मातीचा वरचा थरच ओला असतो, तेव्हा सडपातळ टायर तो चिरून खालच्या कोरड्या थराला टेकतो. रुंद टायर वरच घसरतो. टायरची नक्षी खोल आणि विरळ असावी. दाट नक्षीत माती भरली की टायर गुळगुळीत होतो. मडगार्ड आणि चाक यांत पुरेशी फट हवी. पुष्कळ शेतकरी पुढचा मडगार्ड पावसाळ्यापुरता काढून ठेवतात, ते याचसाठी. बजाज चेतकसारख्या स्कूटरची दहा इंची चाके चाकोरीत पडली की वर येत नाहीत. अठरा इंच किंवा त्याहून मोठे चाक येते.

वजनाचा विचार यानंतर करावा. १९९४ साली आलेली हिरो होंडा स्प्लेंडर सुमारे ११२ किलोची आहे. बुलेट ३५० आणि २०१६ ची पहिली हिमालयन १९० किलोंच्या आसपास. २०१९ ची एक्सपल्स २०० मधल्या वजनाची, सुमारे १५५ किलोची. पुढचे चाक २१ इंचांचे आणि जमिनीपासूनचे अंतर २२० मिलिमीटर. स्प्लेंडरचे हे अंतर १६५ मिलिमीटर आहे. कागदावर एक्सपल्सच सरस ठरते, आणि एकट्याने जाणाऱ्या उंच्यापुऱ्या डॉक्टरला ती मी खुशाल सुचवतो.

परंतु आपण केवळ जाण्यासाठी जात नाही. कित्येकदा रुग्णाला घेऊन परतायचे असते. नेपाळच्या तराईत सर्पदंशाच्या रुग्णाला मोटारसायकलवर चालक आणि मागचा स्वयंसेवक यांच्या मध्ये बसवून तातडीने उपचारकेंद्रात नेण्याची योजना राबवली गेली, सोबत लोकशिक्षणही झाले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथे दंशानंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आले. अर्धवट शुद्धीतल्या रुग्णाला मध्ये धरून बसवायचे, तर बैठक सलग, लांब आणि बुटकी हवी. उंच बैठकीच्या गाडीवर निसरड्या वाटेत चालकाचे पाय जमिनीला टेकत नाहीत आणि तिघेही पडण्याचा धोका राहतो. डांबरावर तिघांनी बसणे कायद्याला मान्य नाही. पण वस्तीपासून रुग्णवाहिकेपर्यंतच्या त्या दोन किलोमीटरांसाठीच हा विचार आहे.

म्हणून तरुण सहकाऱ्यांना माझा सल्ला असा : रोजचे पन्नास किलोमीटर कोणतीही गाडी काढील, निवड त्या वाईट दोन किलोमीटरांवरून करावी, आणि तीही परतीच्या प्रवासावरून. हलकी, सलग बैठकीची, अठरा इंची चाकांची साधी मोटारसायकल घ्यावी. मागच्या टायरला खोल नक्षी, मडगार्डला मोकळी फट आणि डिकीत माती खरवडायला एक खुरपे ठेवावे. आठ-दहा दिवसांच्या झडीनंतर जमीन खोलवर भिजते. तेव्हा कोणतेही दुचाकी वाहन पुढे रेटू नये. डांबराच्या कडेला गाडी लावावी, वस्तीवर फोन करून बैलगाडी किंवा ट्रॅक्टर मागवावा आणि बॅग खांद्याला लावून चालू लागावे.