संगणकाच्या खोलीत आग लागली तर?

पुण्याच्या 'सी-डॅक' संस्थेने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. अशा यंत्राच्या खोलीत आग लागली, तर पाणी ओतून कसे चालेल? आग विझेल, पण यंत्रही जाईल. कार्बन डाय-ऑक्साइड? आग विझवण्याइतका तो सोडला, तर आत अडकलेला माणूस दगावेल! हॅलॉन वायू गुणी खरा, पण तो ओझोनचा थर विरळ करतो. म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानुसार त्याचे उत्पादन थांबवण्यात आले.

आता नायट्रोजन व आर्गॉन यांचे मिश्रण पाहा. हवेतील ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून सुमारे १३ टक्क्यांवर आला, की ज्योत विझते. माणूस मात्र काही मिनिटे तग धरतो. तरी भोंगा वाजताच बाहेर पडावे आणि दार लावून घ्यावे. वायू निसटला, तर आग पुन्हा भडकेल.